दिसतं तेवढंच

दुपारी अडीचच्या सुमाराला सिंगापूरच्या तोआ पायोह भागात आमच्या दहाव्या मजल्यावर ऊन येतं ते सरळ येत नाही. आधी ते समोरच्या ब्लॉकच्या काचांवर सांडतं, तिथून उडून आमच्या कॉरिडॉरच्या छताला लागतं आणि मग दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यांमधून गाळल्यासारखं हळूहळू खाली उतरतं. माझी एक फिकट निळी सुती साडी आहे. वर्षानुवर्षं धुऊन ती इतकी विरळ झाली आहे की तिच्यातून आलेला उजेड फरशीवर संथ पाण्यासारखा हलतो. तीस वर्षं या घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. बँकेतली नोकरी असताना दुपारी अडीच वाजता आपल्या घरी ऊन कसं येतं हे कळणार तरी कसं? निवृत्तीनंतरही मी साड्या वाळत घालत होते आणि काढत होते, एवढंच. तो उजेड मला दाखवला तो अशा एका बाईंनी, ज्यांची स्वतःची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

साडी काढायला म्हणून मी बाहेर आले, तर एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई मान एका बाजूला वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहत उभ्या होत्या. मी दांडीला हात लावला तशा त्या इंग्रजीत म्हणाल्या, "नका काढू. पाच मिनिटं राहू द्या. उजेड चांगला येतो आहे."

इंग्रजी मोडकं होतं, पण आवाजात असं काही होतं की सांगितलेलं ऐकावंसं वाटावं. आम्ही दोघी पाच मिनिटं एका जुन्या साडीकडे पाहत उभ्या राहिलो.

त्या हालिना. शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या लेस्याची आई. लेस्या एका जहाज कंपनीत नोकरीला. युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यावर तिने आईला कीवहून इकडे आणलं. मी त्यांना पहिल्या दिवसापासून हालिनाबाई म्हणू लागले. 'बाई' म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे शाळेत शिकवणाऱ्या बाईंना आम्ही नुसतं 'बाई' म्हणतो. त्यांना ते आवडलं. त्यांनी खरोखरच पुष्कळ वर्षं शिकवलं होतं. पण त्याआधी आणि त्याहून अधिक, त्या चित्रपट दिग्दर्शक होत्या.

त्यांचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. कधी लिफ्टपाशी, कधी खालच्या हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्यापिण्याच्या गाळ्यांवरून, पिशवीत बांधून आणलेली कॉफी पिता पिता. जन्म नीपर नदीकाठच्या एका लहान गावातला. वडील रेल्वेचे सिग्नल सांभाळायचे, आई पावाच्या कारखान्यात. सतराव्या वर्षी त्या कीवच्या एका फिल्म स्टुडिओत लागल्या ते फिल्मचे तुकडे जोडायला. दिवसभर पांढरे सुती हातमोजे घालून दुसऱ्यांनी घेतलेली दृश्यं कापायची आणि चिकटवायची. "आठ वर्षं मी इतरांच्या चुका लपवल्या," त्या म्हणायच्या, "चित्रपट कसा करतात ते तिथेच शिकले."

पहिला माहितीपट त्यांच्या वाट्याला आला, कारण दुसऱ्या कोणाला तो नको होता. नदीवर धरण होणार होतं आणि पाण्याखाली जाणाऱ्या एका गावाचं स्थलांतर चित्रित करायचं होतं. एका कॅमेरामनला घेऊन त्या तीन आठवडे त्या गावात राहिल्या. आवाज वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या टेपवर नोंदवला जायचा. तिथे मारिया नावाची एक म्हातारी होती. घराच्या दारात उभी राहून ती म्हणते, 'मी कुठेही जाणार नाही. माझी माणसं या मातीत आहेत.' स्टुडिओच्या प्रमुखांनी ते दृश्य कापायला लावलं. त्याजागी निवेदकाचा भारदस्त आवाज आला: नव्या घरांकडे निघताना गावकऱ्यांचे चेहरे आनंदाने फुलले आहेत. कात्री चालवली ती हालिनाबाईंनी, स्वतःच्या हाताने. त्या आज्ञाधारकपणामुळेच त्यांना दुसरा चित्रपट मिळाला, मग तिसरा.

पुढे त्यांनी कथापटही केले. मधमाश्या पाळणाऱ्या एका विधवेवरचा त्यांचा चित्रपट परदेशातल्या महोत्सवात वाखाणला गेला. पण तिथे जायची परवानगी काही त्यांना मिळाली नाही. बक्षीस टपालाने आलं, ते खोक्यात फुटलेल्या काचेसकट. देश स्वतंत्र झाला, मनातलं बोलायची मुभा मिळाली, आणि नेमक्या त्याच वेळी स्टुडिओ ओस पडला. हालिनाबाईंनी काही वर्षं लग्नांचं चित्रण केलं. नंतर शिकवू लागल्या. दरवर्षी नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला त्या मारियाची गोष्ट सांगायच्या. "एका बाईच्या तोंडचे शब्द मी कापले. तुम्ही कोणाचे कापू नका." विद्यार्थी ते वाक्य घेऊन जगात पांगले. हालिनाबाईंचे चित्रपट न पाहिलेल्यांनाही ही गोष्ट ठाऊक होती. एखाद्या माणसाचं सगळं कर्तृत्व लोक विसरून जातात आणि त्याच्या पश्चात्तापाचीच ओळख उरते, तसं काहीसं त्यांचं झालं होतं.

सिंगापूरला आल्यावर त्यांची नजर उतरणीला लागली. कडेचं थोडंफार दिसायचं, मधलं सगळं धूसर. भिंत दिसायची, भिंतीवरचं चित्र नाही. माणूस दिसायचं, चेहरा नाही. म्हणून ती तिरकी मान.

आणि अशात, त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला कीवमध्ये तो पहिला माहितीपट सापडला. एका विसरलेल्या डब्यात, कापण्याच्या आधीचा, मारियाच्या दृश्यासकट. आवाजाची टेप मात्र त्यात नव्हती. विद्यार्थ्याने चित्र साफ करून पाठवलं आणि लिहिलं, 'बाई, शब्द तुमच्यापाशी आहेत. तुम्ही बोला, आम्ही ते चित्रावर बसवतो.' बोलायचं तर कुठलं वाक्य कुठल्या क्षणी ते कळायला हवं, आणि ते कळायला पडदा दिसायला हवा.

लेस्याने मला लिफ्टपाशी गाठलं. "आंटी, आठवड्यातून दोन दुपारी आईजवळ बसाल का? पडद्यावर काय चाललंय ते तिला सांगायचं. मी सांगायला बसले की आमचं भांडण होतं."

मी हो म्हटलं. एक म्हातारी बाई, बावीस मिनिटांचा मूक चित्रपट. त्यात अवघड ते काय असणार?

पहिल्याच दुपारी माझा तो गर्व उतरला. मी सांगितलं, "एक बाई चालली आहे." हालिनाबाई म्हणाल्या, "सगळ्याच बायका चालतात. ही कशी चालते? भार कुठल्या पायावर?" मी नीट पाहिलं. भार डाव्या पायावर होता, आणि उजव्या हातात बादली. दुसऱ्या एका दृश्यात मी म्हटलं, "हा माणूस फार दुःखी आहे." त्यांनी चित्र थांबवायला लावलं.

"दुःख दिसतं का तुम्हाला?"

"चेहऱ्यावर आहे ना."

"चेहऱ्यावर काय आहे ते सांगा. दुःख मी ठरवीन. दिसतं तेवढंच सांगा, सुधा."

दिसतं तेवढंच सांगणं किती कठीण! आपण पाहतो थोडं आणि त्यात भर मात्र ओंजळीने घालतो. बसमध्ये समोर बसलेल्या अनोळखी बाईच्या कपाळावरच्या दोन आठ्यांवरून मी तिचा सगळा संसार मनात मांडून मोकळी होते. हळूहळू माझा डोळा वळणावर आला. घोडागाडीवर आधी आरसा चढवला, मग पाळणा, मग कोंबड्यांचं खुराडं. एका माणसाने दाराची चौकट उखडून खांद्यावर घेतली आणि त्या रिकाम्या चौकटीतून मागचं आभाळ दिसलं. मी सांगायची, हालिनाबाई डोळे मिटून ऐकायच्या आणि मग फोनमध्ये त्या त्या माणसाचं बोलणं युक्रेनियनमध्ये बोलायच्या, कधी घोगऱ्या आवाजात, कधी लहान मुलीच्या. मी पडद्यावरचे ओठ पाहून, वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते त्यांच्या दंडावर टिचकी मारून कळवायची. त्यांची स्मरणशक्ती विलक्षण होती. जवळजवळ प्रत्येक वाक्य ओठांवर चपखल बसायचं.

पाचव्या आठवड्यात मारिया आली. काळा कोट, डोक्याला पांढरा रुमाल. दारात उभी. हालिनाबाई खुर्चीत ताठ बसल्या. या क्षणाची त्यांनी पन्नास वर्षं वाट पाहिली होती. आवाज न चढवता, सावकाश, त्यांनी ती दोन वाक्यं उच्चारली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बसलं?"

मी टिचकी मारलीच नव्हती. मारियाचं तोंड मिटलेलं होतं.

मी चित्र मागे नेलं, पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं. दृश्य जवळजवळ पाऊण मिनिटाचं होतं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तिचे ओठ हललेच नव्हते.

"काय झालं?" हालिनाबाईंनी विचारलं.

"पडद्यावर ऊन येतंय," मी म्हणाले. "नीट दिसत नाही. गुरुवारी बघू."

दृष्टी गेलेल्या बाईंपुढे मी उन्हाचं निमित्त केलं आणि घरी आले.

ते दोन दिवस मला एक जुनी गोष्ट आठवत राहिली. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. आमच्या तालुक्यात धरण झालं तेव्हा उठणाऱ्या गावांतल्या घरांच्या याद्या त्यांनी केल्या होत्या. घरी जेवताना ते सांगायचे, "लोक समजूतदार होते. हसतमुखाने निघाले." सातवीत असताना मी धरणावर निबंध लिहिला आणि त्यात हेच वाक्य घातलं. गुरुजींनी तो मला वर्गापुढे वाचायला लावला. वर्गात शालन नावाची एक मुलगी होती, उठलेल्या गावातली, त्या वर्षीच आमच्या शाळेत आलेली. मी वाचत होते तेव्हा ती खाली मान घालून पेन्सिलीला टोक काढत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या. तुझं गाव सोडताना काय झालं, हे मी तिला त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही कधी नाही. वडील खोटं बोलणारे नव्हते. त्यांना वाटलं ते त्यांनी सांगितलं, मला आवडलं ते मी लिहिलं. ज्यांचं गाव गेलं त्यांच्या वतीने आम्हीच बोलून घेतलं.

गुरुवारी मी हालिनाबाईंसमोर बसले आणि म्हणाले, "मारिया बोलत नाही. तिचं तोंड मिटलेलं आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

"मग बोलण्याचं दृश्य वेगळं असेल. पुढे बघा."

आम्ही सगळा चित्रपट पुन्हा पाहिला. मारिया आणखी एकदाच दिसत होती, लांबून, पाठमोरी.

"तुम्हाला माझी भाषा येत नाही," हालिनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थंड झाला होता. "आमचे ओठ तुम्हाला काय कळणार?"

"मिटलेले ओठ कळतात, हालिनाबाई."

त्या उठल्या, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या. मी चपला घालून बाहेर पडले.

दहा दिवस त्यांचं दार बंद राहिलं. मी दुपारी कॉरिडॉरमध्ये साडी वाळत घालायची, ऊन यायचं, पण ते पाहायला त्या यायच्या नाहीत. आपण एका म्हाताऱ्या, परागंदा बाईचा अखेरचा आधार तर काढून घेतला नाही ना, हा विचार पाठ सोडत नव्हता. सत्य सांगायचा अधिकार आपल्याला असतो की फक्त हौस असते?

अकराव्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून येता येता लेस्या माझ्याकडे आली. खुर्चीत न बसता उभ्याउभ्याच म्हणाली, "आंटी, तुम्ही बरोबर पाहिलंत. मारिया बोलत नाही. चित्र आलं त्याच दिवशी मला दिसलं होतं."

"मग तू का नाही सांगितलंस?"

"मी तिची मुलगी आहे. ती गोष्ट ऐकत मी मोठी झाले. ती खरी नाही हे मी कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून तुम्हाला विचारलं. चुकलंच माझं."

मला राग आला. तो मी लपवलाही नाही. पण तिच्या खांद्यावरची ऑफिसची जड पिशवी तिने अजून खाली ठेवली नव्हती, हे दिसलं आणि मी तिच्यासाठी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिटिल इंडियातून आणलेली मेथी मी निवडत बसले होते, तेवढ्यात दार वाजलं. हालिनाबाई एकट्या आल्या होत्या. टेबलापाशी बसल्या, चाचपून मेथीची एक काडी घेतली आणि माझ्यासारखीच पानं खुडायला लागल्या.

"मी फार आठवून पाहिलं," त्या म्हणाल्या. "ते वाक्य मी बोलले होते, सुधा. प्रमुखांच्या खोलीत. त्यांनी विचारलं, ही बाई नुसती उभी आहे, लोकांनी काय समजायचं? मी चिडून म्हटलं, असं समजायचं की ती म्हणते, मी कुठेही जाणार नाही, माझी माणसं या मातीत आहेत. ते म्हणाले, लोक असं समजणार असतील तर तिच्या वतीने आपणच बोललेलं बरं."

पानं खुडणं चालूच होतं.

"त्यांनी तिच्या तोंडी एक वाक्य घातलं, मी दुसरं. माझं जास्त सुंदर होतं, म्हणून टिकलं. इतकं टिकलं की पुढे पुढे मला तिचा आवाजही ऐकू यायला लागला." मग त्यांनी काडी खाली ठेवली. "ती बोलत नाही. बरं. मग तिचे हात काय करतात?"

ते मी पाहिलंच नव्हतं. इतके दिवस मी फक्त ओठ पाहत होते. आम्ही तशाच उठून त्यांच्या घरी गेलो आणि चित्र लावलं.

"ती दाराला कुलूप लावते आहे," मी सांगितलं. "किल्ली काढून कोटाच्या खिशात ठेवते. दोन पावलं चालते. थांबते. परत येते आणि कुलूप ओढून बघते. एकदा. मग पुन्हा एकदा."

"मी तिथे उभी होते," हालिनाबाई म्हणाल्या. "कॅमेऱ्याच्या शेजारी. आठ दिवसांत तिथे पाणी येणार होतं, आणि तिने कुलूप लागलंय का ते दोनदा पाहिलं. हे माझ्या लक्षातच राहिलं नाही."

त्यांनी विद्यार्थ्याला कळवलं की मारियाच्या दृश्यावर कोणाचाही आवाज नको, फक्त कुलपाचा हवा. तसं जुनं, जड कुलूप कुठे मिळणार? माझ्या ट्रंकेला अलिगढी कुलूप होतं. लग्नानंतर मुंबईहून निघताना लावलेलं. कॉरिडॉरमध्ये लोखंडी जाळीला ते अडकवून मी ओढायची आणि लेस्या फोनवर आवाज नोंदवायची. "जोरात नको," हालिनाबाई सांगायच्या, "ती चिडलेली नाही. खात्री करते आहे." सतराव्या वेळी त्यांनी मान डोलावली.

एका रविवारी दुपारी आमच्या ब्लॉकखालच्या सभागृहात तो चित्रपट दाखवला. इथली युक्रेनियन कुटुंबं आली होती, काही शेजारीपाजारी होते. कीवहून तो विद्यार्थी फोनच्या पडद्यावर हजर होता. हालिनाबाई उभ्या राहिल्या. पन्नास वर्षं आपण काय सांगत आलो हे त्यांनी आधी सांगितलं आणि मग म्हणाल्या, "ते शब्द या बाईचे नव्हते. माझे होते. ती काय म्हणाली असती, मला माहीत नाही. मी तिला विचारलं नव्हतं." काही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. फोनवरचा तो पन्नाशीतला विद्यार्थी चष्मा काढून पुसत राहिला. मग अंधार झाला, गाड्यांवर आरसे आणि पाळणे चढले, माणसं बोलली, आणि मारियाच्या दारापाशी सगळं शांत होऊन कुलूप दोनदा वाजलं.

दिवे लागल्यावर बरेच जण हालिनाबाईंना भेटले. एका बाईने त्यांच्या गळ्यात पडून रडून घेतलं. एक गृहस्थ मात्र न भेटताच निघून गेले. त्यांना ती पहिली गोष्टच हवी होती, असं लेस्या म्हणाली. गर्दी ओसरल्यावर चौथ्या मजल्यावरच्या लिम आंटी काठी टेकत पुढे आल्या. वय ऐंशीच्या पुढचं. आमचे हे ब्लॉक उभे राहण्याआधी इथे जी पत्र्याच्या घरांची वस्ती होती, तिथे त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

"माझ्या आईनेही कुलूप लावलं होतं," वाक्याला 'लाह' जोडणाऱ्या इथल्या इंग्रजीत त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी घर पाडणार, तरी कुलूप लावते लाह."

हालिनाबाईंनी मान तिरकी केली. "निघताना काय म्हणाली ती?"

"काय म्हणणार? मला ओरडली. कोंबडी नीट धर, म्हणाली."

हालिनाबाई खुर्ची ओढून त्यांच्या अगदी जवळ बसल्या आणि त्यांचा सुरकुतलेला हात त्यांनी आपल्या हातात घेतला.

"कोंबडी कुठल्या हातात होती?"

लिम आंटी विचार करू लागल्या. कोणीतरी खुर्च्या गोळा करत होतं, त्याला मी हाताने थांबवलं. मग लिम आंटींनी काठी माझ्याकडे दिली, दोन्ही हात समोर धरून ते आळीपाळीने पाहिले आणि सावकाश डावा हात छातीशी घेतला.